गॅलनला सात मैल

१२ मे, ओगलाला

आज पंपावर हिशेब केला. गॅलनला सात मैल. मी स्वतः पायी चाललो असतो आणि बायकोने मधूनमधून एक सँडविच हातात दिलं असतं, तर माझं अ‍ॅव्हरेज याहून बरं पडलं असतं.

तीस वर्षं मी नेब्रास्का राज्याच्या वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. पेट्रोलपंप, धान्याच्या कोठारांचे काटे, खाटकाचे तराजू, सगळे माझ्या हाताखालून गेले. कुणी चिमूटभर मारलं तरी मला वासावर कळायचं. आणि निवृत्त झाल्यावर मी, व्हर्लिन कास्परेक, डोळे उघडे ठेवून काय विकत घेतलं? पेट्रोलवर चालणारी ही थोरली पिकअप, जी नुसता पंप दिसला तरी ढेकर देते. तिच्यामागे तेरा फूट उंच ट्रेलर. दोन खोल्या, न्हाणी, स्वयंपाकघर, सगळं चाकांवर. लिंकनचं घर गेल्या शरदात विकलं. कल्पना माझी. आर्डिथ म्हणाली, "बघ बाबा." म्हणजे हो म्हणाली.

आजपासून प्रयोग सुरू. ऑक्टोबरात अ‍ॅरिझोनाला पोचेपर्यंत गॅलनला दहा मैल करून दाखवीन. सगळं इथे तारीखवार लिहीन, म्हणजे नंतर कुणाला शंका घ्यायला जागा नको. कुणाला म्हणजे माझ्या साडूला.

१६ मे, शॅड्रन

साडूचं दर्शन झालं. गेलेन. आर्डिथच्या धाकट्या बहिणीचा, लॅव्होनचा नवरा. आमचं टपाल यांच्या पत्त्यावर येतं, त्यामुळे दर दोन-तीन आठवड्यांनी इथे हजेरी लावावी लागते. गेलेनकडे डिझेलची पिकअप आहे. ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नाही.

"काय व्हर्लिन, किती देते तुझी म्हातारी?"

"कोण, आर्डिथ?"

"गाडी रे."

"साडेआठ," मी म्हणालो. मग आर्डिथने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे उतारावर."

"माझी बारा देते. झोपेत." त्याने दाढी खाजवली. "तेरा फुटांची भिंत उभी धरून वाऱ्यात पळतोस आणि विचारतोस धाप का लागते! वारा खातो रे तुझं पेट्रोल. सावकाश जा, बस्स."

सल्ला फुकट होता आणि त्याची किंमतही तेवढीच. वारा मोजता येत नाही. जे मोजता येत नाही त्यावर मी नोकरीभर विश्वास ठेवला नाही, आता काय म्हणून ठेवू?

२१ मे, अलायन्स

टायरमध्ये हवा भरून घेतली, गाडीच्या दारावर लिहिली आहे तेवढी. बारा टायरवाल्यांनी बारा वेगवेगळी हवा सांगितली होती, त्यामुळे दारावर विश्वास ठेवणं भाग होतं. पिकअपच्या मागच्या हौद्यावर झाकण बसवलं. पेट्रोलच्या नळीभोवती बसवायचं एक चुंबक टपालाने मागवलं होतं, ते बसवलं. ते पेट्रोलच्या कणांना ओळीत उभं करतं म्हणे. शिवाय एक निळी बाटली, दर टाकीला एक झाकणभर.

आर्डिथ पायरीवर बसून चहा पीत बघत होती. "यापेक्षा फादरकडून थोडं पवित्र पाणी आण आणि टाकीत शिंपड. तेवढंच काम करेल आणि निदान वास तरी येणार नाही."

अ‍ॅव्हरेज सात पूर्णांक चार. विज्ञान सुरू झालं आहे. काहींना ते टोचतं.

२८ मे, अलायन्सच

मूळ सापडलं. वजन! इतकी वर्षं वजनात काढली आणि ही गोष्ट सुचायला मला दोन आठवडे लागले, हे इथेच राहू दे.

सकाळी ट्रेलरची तपासणी केली, अगदी खात्याच्या शिस्तीत. आर्डिथचं शिवणयंत्र, लोखंडी, माझ्या काकूइतकं जड. लोणची-मुरंब्यांच्या काचेच्या बरण्या, रिकाम्या. भरायच्या कशाने, बाग लिंकनला राहिली. तिच्या आईचा चिनीमातीचा जेवणाचा संच. पुस्तकं. बिडाची भांडी. हे सगळं आम्ही राज्यभर मिरवत फिरतोय आणि पेट्रोल मी भरतोय.

माझं सामानही तपासलं. जनरेटर लागतोच. हत्यारांची पेटी लागतेच. खात्याने निरोप समारंभात दिलेली चार लोखंडी प्रमाण वजनं, प्रत्येकी पन्नास पौंडांची, ती स्मृतिचिन्हं आहेत, त्यांना सामान म्हणता येणार नाही.

"काय काय काढू?" तिने विचारलं.

"रोज लागत नाही ते सगळं."

तिने हातातलं फडकं नीट घडी करून ठेवलं. "रोज लागत नाही ते सगळं? नक्की?"

"सगळं."

"बरं," ती म्हणाली.

आमच्या संसारात इतक्या चटकन 'बरं' मी कधी ऐकलं नव्हतं. शिस्तीचं महत्त्व माणसाला पटतं, फक्त नीट मांडता आलं पाहिजे.

८ जून, शॅड्रन

शिवणयंत्र आणि दोन खोकी लॅव्होनकडे उतरवली. लॅव्होनने आर्डिथला मिठी मारली ती सोडेचना. मी दोनदा खाकरलो. गेलेन माझ्या नजरेला नजर देत नव्हता. मत्सर. सात पूर्णांक नऊवर आलोय हे त्याच्या कानावर गेलेलं दिसतं.

दुपारी बहिणी बाजारात गेल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या. आर्डिथच्या कोपराला पिवळा रंग लागला होता.

"हे काय?"

"लॅव्होनचं स्वयंपाकघर रंगवतोय."

चांगली गोष्ट आहे. मी पाणी प्यायला आत गेलो तर स्वयंपाकघर पूर्वीसारखं हिरवंच होतं. या दोघींनी एखादं काम हातात घेतलं की ते असंच चालतं.

१९ जून, व्हॅलेंटाइनच्या रस्त्यावर

आज वेग उतरवला. पासष्टचा अठ्ठावन्न. मागे ट्रकवाल्यांची रांग लागली आणि त्यांनी भोंगे वाजवून माझं अभिनंदन केलं. अ‍ॅव्हरेज नऊ पूर्णांक एक!

गेलेनचं ऐकलं असं नाही. हे मी स्वतंत्रपणे शोधून काढलं.

आर्डिथने काच खाली केली होती. या भागात टेकड्यांच्या मधल्या खळग्यांत पाणी साठतं आणि त्यात लांब वळलेल्या चोचींचे पक्षी उभे असतात. ती मान वळवून मागे जाणारं पाणी बघत राहिली.

"लग्न झाल्यापासून सांगतेय मी, सावकाश चालव," ती शेवटी म्हणाली.

"तुला पक्षी बघायचे असायचे. माझं कारण शास्त्रीय आहे."

"हो," ती म्हणाली. "तुझं कारण नेहमीच शास्त्रीय असतं."

कबूल केलं तिने. हेही नोंदवून ठेवतो.

२५ जून, व्हॅलेंटाइन

मक्याची दारू न मिसळलेलं निखळ पेट्रोल घेतलं. त्याने थोडा फरक पडतो, हे साऱ्या जगाला माहीत आहे. फक्त मक्याच्या राज्यात ते मोठ्याने बोलायचं नसतं. पंपावर शेजारी उभा असलेला शेतकरी माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मी त्याच्या कणसांवर थुंकलो.

६ जुलै, शॅड्रन

आज आणखी पाच खोकी उतरली. मला हात लावू दिला नाही. "तुझी पाठ," आर्डिथ म्हणाली. गेलेन आपली डिझेल घेऊन आला आणि खोकी त्याने स्वतःच्या हौद्यात टाकली. त्याच्या घराच्या दारात उभं राहून त्याच्याच घरात न्यायची खोकी गाडीत कशाला घालायची? विचारलं तर म्हणाला, "मागच्या दाराने नेतो." डिझेलवाल्यांचं डोकं तापलं की असं होतं.

हिवाळ्याचे कोटही गेले. मी म्हटलं, हे मात्र उत्तम केलंस, ऑक्टोबरात आपण अ‍ॅरिझोनात असू.

"हो, तू असशील."

मी 'आपण' म्हणालो, ती 'तू' म्हणाली. जन्मभर शाळेत भाषा शिकवलेली बाई, आणि निवृत्तीनंतर व्याकरण हे असं! हल्ली तिचं लक्ष नसतं. परवा मी तिला नव्या फिल्टरबद्दल समजावत होतो, तर बराच वेळाने कळलं की ती केव्हाच उठून बाहेर गेली आहे.

अ‍ॅव्हरेज नऊ पूर्णांक तीन. निळी बाटली संपत आली. दुसरी मागवली.

१५ जुलै, सिडनी (आमचंच, नेब्रास्कातलं)

संताप. भयंकर संताप.

प्रयोगाला पुरावा हवा म्हणून आज ट्रकवाल्यांच्या थांब्यावर वजनकाट्यावर गाडी चढवली. ट्रेलर आणि पिकअप मिळून किती भरायला हवं ते मी आधीच मांडून ठेवलं होतं. आम्ही उतरवलेलं सामानही वजा केलं होतं, अंदाजे तीनशे पौंड. काटा काय दाखवतो? माझ्या आकड्याहून आणखी नऊशे पौंड कमी!

गल्ल्यावरच्या बाईला म्हटलं, "तुमचा काटा चोर आहे."

"माझा नाही हो काटा. मी फक्त पावती देते."

"नऊशे पौंडांची चूक म्हणजे काय असते, कळतं का तुम्हाला? एक अख्खी गाय!"

"मग गाय शोधा," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला कॉफी ओतली.

असल्या काट्यांना मी टाळं ठोकलेलं आहे. गाडीत येऊन ताबडतोब लिंकनच्या कचेरीत रोझली ऑक्सनरला फोन लावला. ती माझ्या हाताखाली तयार झाली, आता माझ्या खुर्चीत बसते. आठवड्याभरात स्वतः येऊन तपासते म्हणाली.

आर्डिथ शेजारी बसून सगळं ऐकत होती. पांढरी पडली होती. तिलाही अन्याय सहन होत नाही.

"व्हर्लिन," ती म्हणाली, "काटा बरोबर असेल तर?"

"काटा बरोबर असेल तर आपल्या घरात नऊशे पौंडांचं भोक आहे," मी म्हणालो आणि हसलो. ती हसली नाही.

२२ जुलै, अलायन्स

रोझलीचा फोन सकाळी आला.

"व्हर्लिन, तुम्हीच शिकवलेल्या पद्धतीने तपासला. दोनदा. काटा अचूक आहे."

"शक्य नाही."

"तुम्हीच सांगायचा ना आम्हाला, काट्याशी भांडू नका, पारड्यात काय आहे ते बघा. जरा ट्रेलर उघडून बघा."

आर्डिथ ट्रेलर लावायच्या तळावरच्या धुलाईघरात कपडे घेऊन गेली होती. मी पलंगाखालचा खण उघडला. रिकामा. वरची कपाटं उघडली. तिच्या बाजूची सगळी रिकामी. पुस्तकांच्या फळ्यांवर एकेक पुस्तक पुढे उभं, मागे काही नाही. कपड्यांच्या दांडीवर माझे सदरे, आणि तिचे दोन झगे. चिनीमातीचा संच नाही, तिची आरामखुर्ची नाही. ती खुर्ची नाही हे मला आज दिसलं. ती कधीपासून नव्हती, देव जाणे. मी रोज त्या जागेवरून चालत जात होतो.

पहिला विचार आला तो लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मला वाटलं, चोरी झाली. बाहेर धावलो. आर्डिथ टोपली घेऊन येत होती.

"चोरी झाली! फक्त तुझंच सामान नेलंय! माझ्या कशाला हात लावलेला नाही!"

तिने टोपली खाली ठेवली. "बस, व्हर्लिन."

"पोलिसांना आधी..."

"चोर मीच आहे. बस."

मी बसलो. तिने सांगितलं. शॅड्रनला तिने एक छोटं घर भाड्याने घेतलंय, लॅव्होनच्या मागच्या गल्लीत. पिवळा रंग तिनेच दिला. सप्टेंबरपासून तिथल्या शाळेत आठवड्यातून तीन दिवस वाचनवर्ग घेणार आहे. शिवणयंत्र तिथे आहे, बरण्या तिथे आहेत, खुर्ची तिथे आहे.

"मला न विचारता?"

"तू म्हणालास, रोज लागत नाही ते सगळं काढ." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी एकेक वस्तू हातात घेऊन बघितली. मग मला कळलं, की तुला रोज लागत नाही अशातलीच मीही एक आहे."

"घर विकताना तू हो म्हणालीस."

"मी 'बघ बाबा' म्हणाले. तू पुढे काही विचारलंसच नाही. मी तीन दिवस वाट बघितली, तू विचारशील म्हणून. चौथ्या दिवशी तू विक्रीची पाटी लावलीस."

मी म्हणालो की खात्यात इतक्या लोकांची लबाडी मी पकडली, आणि ती म्हणाली, "हो, पण ते सगळे लबाड होते, व्हर्लिन. मी नव्हते. मी सगळं तुझ्या डोळ्यांदेखत नेलं."

२३ जुलै

आर्डिथला शॅड्रनला सोडलं. घर खरोखरच पिवळं आहे. मी खाली उतरलो नाही. गेलेनने तिची बॅग घेतली.

"टायरची हवा बघत जा," ती गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणाली.

मी म्हटलं, हवा उत्तम आहे.

२८ जुलै, थर्मोपोलिस, वायोमिंग

दहा पूर्णांक दोन.

दहाच्या वर! ऑक्टोबरच्या आत! निर्विवाद विजय! हॉटेलात न्याहारी आणणाऱ्या बाईला सांगितलं.

"आज माझी गाडी दहाच्या वर गेली."

"वा, राजा. अंडी कशी हवीत?"

शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला त्याची गाडी विजेवर चालते. मी अंड्यांकडे वळलो.

इथे गरम पाण्याचे झरे आहेत, लोक पोहायला येतात. मी काठावर बसलो. तिकीट दोघांचं काढलं होतं. सवय.

२ ऑगस्ट, थर्मोपोलिस

गेलेनने फोन केला. त्याने फोन करावा म्हणजे एक तर कुणी मेलं असेल किंवा डिझेल स्वस्त झालं असेल. दोन्ही नव्हतं.

"जिवंत आहेस का?"

"दहा पूर्णांक दोन," मी म्हणालो.

तो मग म्हणाला, "एक सांगू? चिडू नकोस. हे तुझ्या वजनाने झालेलं नाही."

"एक हजार दोनशे पौंड उतरलेत, गेलेन."

"उतरू देत. घाट चढताना त्याचा फरक पडेल. तू मेपासून सपाटीवर हिंडतोयस. सपाटीवर हजार-बाराशे पौंडांनी काय होतं? अर्धा मैलसुद्धा नाही. तू पासष्टवरून अठ्ठावन्नवर आलास, त्याने झालं सगळं. मी मेमध्येच सांगितलं होतं, वारा."

"आणि चुंबक?"

"चुंबक फ्रिजला लाव."

फोन ठेवून मी हिशेब मांडला. मग पुन्हा मांडला. मग सगळ्या तारखा समोर ठेवून तिसऱ्यांदा मांडला. चुकीचा निघावा असं मनापासून वाटत असलेला हा माझ्या आयुष्यातला पहिलाच हिशेब. पहिली खोकी उतरायच्या आधीच, टायरची हवा आणि झाकण धरून, जवळजवळ एका मैलाने वाढलं होतं. वेग उतरवला त्या दिवशी सव्वा मैलाने उडी. नंतरची पाच खोकी उतरेपर्यंत शून्य पूर्णांक दोन, तेही निखळ पेट्रोल धरून. उरलेलं वायोमिंगला जाताना पाठीमागून आलेल्या वाऱ्याने.

म्हणजे तिच्या आईच्या ताटवाट्यांनी माझं काहीही खाल्लेलं नव्हतं. पुस्तकांनी नाही, बरण्यांनी नाही. त्या सगळ्या गरीब वस्तूंवर मी खटला भरला, निकाल दिला, हद्दपार केलं. आणि माझी चार प्रमाण वजनं, दोनशे पौंड बीड, पलंगाखाली सुखाने झोपलेली.

तीस वर्षांत एकाही व्यापाऱ्याला मी पुराव्याशिवाय दंड केला नव्हता.

५ ऑगस्ट, कॅस्परच्या वाटेवर

काही नाही. वारा समोरून. तळ्यावर ते वाकड्या चोचीचे पक्षी दिसले. "ते बघ," असं मी मोठ्याने म्हणालो. गाडीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं, हे सांगायला नकोच.

७ ऑगस्ट, शॅड्रन

ट्रेलर गेलेनच्या आवारात लावला. त्याने एक अक्षर विचारलं नाही, चाकाखाली ठोकळे सरकवले आणि घरात गेला. या माणसाबद्दल मी या वहीत काही ठिकाणी घाईने लिहिलं आहे. खोडणार नाही, पण लिहून ठेवतो.

पिवळ्या घराच्या पायरीवर आर्डिथ शेंगा सोलत होती.

"अ‍ॅरिझोना या बाजूला नाही," ती म्हणाली.

मी उभाच होतो. वाटेत नीट भाषण तयार केलं होतं, ते पहिल्याच वाक्याला पळालं. "तुझ्या सामानाने काही होत नव्हतं," मी म्हणालो. "मी हिशेब केला. ते वाऱ्याने आणि वेगाने होतं. तुझं सामान निर्दोष आहे."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"गेलेनने मला मेमध्येच समजावलं होतं. वजनाने फारसं होत नाही म्हणून."

"मग काढलंस कशाला? मला सांगायचं नाही?"

तिने एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले. "मी मार्चमध्येच ठरवलं होतं, व्हर्लिन. कसं निघायचं ते कळत नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारातून खोकी घेऊन निघायचं तर काही तरी कारण लागतं. तू आयतं दिलंस. तुला आवडेल असं, आकड्यांतलं."

मी पायरीवर तिच्यापासून जरा लांब बसलो आणि शेंगा घेतल्या. मला नीट सोलता येत नाहीत. दाणे गटारात उडत होते.

"मार्चमध्ये काय झालं होतं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न विचारायला मला मार्चपासून ऑगस्ट लागला.

"माझा वाढदिवस होता," ती म्हणाली. "वादळ आलं होतं. मला फक्त गरम पाण्यात पडून राहायचं होतं. ट्रेलरमधलं गरम पाणी अंगाला साबण लावेपर्यंत संपतं. मी साबणाने भरलेली, थंड पाण्याखाली उभी, आणि तू दाराबाहेरून ओरडत होतास की टाकी जपून वापर, पाण्यालाही वजन असतं."

मला आठवतही नव्हतं. पाण्यालाही वजन असतं. गॅलनला आठ पौंड आणि वर थोडं. हे मी म्हटलंच असणार, दुसरं कोण म्हणेल?

ती म्हणाली जेवून जा. ट्रेलरमध्ये झोपायला मात्र गेलेनकडे. घर तिचं आहे.

मी म्हणालो, "बरं." माझंही चटकन आलं.

१९ ऑगस्ट, शॅड्रन

क्रॉफर्डला एक जुनं हॉटेल पाडतायत. गेलेनने बातमी आणली. आम्ही दोघं पिकअप घेऊन गेलो आणि दुसऱ्या मजल्यावरून न्हाणीचा टब उतरवला. बिडाचा, चार पायांचा, आतून पांढऱ्या मिन्याचा. इतका जड की गेलेन जिन्यात दोनदा देवाचं नाव घेऊन बसला, एकदा सैतानाचं. हौद्यात ठेवल्यावर गाडी मागून खाली बसली आणि नाक वर करून उभी राहिली. वजन किती असेल ते मला ठाऊक नाही. वाटेत वजनकाटा लागला होता, मी थांबलो नाही.

परतीत चढ होता, समोरून वारा. गाडीने किती खाल्लं ते गाडीला माहीत.

आर्डिथ दारात आली. टबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे काय?"

"भाडेकरूला मालक असं बसवू देईल का, विचारायचं राहिलं," मी म्हणालो.

"मालकाला मी विचारलंय," मागून लॅव्होन म्हणाली. "मालक हो म्हणालाय. फरशीखाली आणखी एक तुळई टाका म्हणाला."

तुळई टाकली. नळ जोडला, तो दोनदा गळला. शेजारचे लोक बघायला आले आणि त्यांनी बिअर आणली, मदत नाही. संध्याकाळी सगळे गेले. आर्डिथने मोठा नळ सोडला आणि दार लावून घेतलं.

मी जिन्याच्या पायरीवर बसून हे लिहितोय. बाहेर अजून ऊन आहे. पाणी वाहतंय, वाहतंय, थांबत नाही. गरम पाण्याची टाकी तळघरात आहे, माणसाच्या उंचीची. मी पाण्याबद्दल काही बोललो नाही. जीभ दोनदा उचलली गेली, दोनदा परत ठेवली.

"व्हर्लिन?" दाराआडून.

"काय?"

"तू अजून तिथेच आहेस?"

"आहे."

पाण्यात काही तरी हललं. ती मग म्हणाली, "मी लवकर बाहेर येणार नाही."

"नको येऊस."

"बटाटे ओट्यावर आहेत. उकडायला टाक."

मी स्वयंपाकघरात गेलो. बटाटे सापडले, पातेलं सापडलं. "मीठ कुठे आहे?" मी ओरडून विचारलं.

"शोध," ती म्हणाली. "घर लहान आहे."

कपाटं सहा आहेत. दुसरं उघडतोय.